वडखळवरून, धोंडांच्या समुद्राकडे

प्रल्हाद अनंत धोंड (1908–2001) यांच्या जलरंगांतला कोकण किनारा शोधायला मुंबईहून निघालात, तर पहिला थांबा वडखळ नाका. सरळ रस्ता गोव्याचा, उजवीकडचा अलिबागचा. धोंड मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाते होते. ‘रापण’ हे त्यांचं पुस्तक. समुद्र हा त्यांचा लाडका विषय. शुद्ध जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कोरा कागदच राखतात. लाटेचा फेस म्हणजे न रंगवलेली जागा!

अलिबागच्या वाटेवर धरमतर खाडीचा पूल लागतो. भरतीला पाणी कांदळवनात शिरतं, ओहोटीला उरतो चकाकणारा चिखल. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे काल अर्धं राहिलेलं चित्र आज त्याच वेळी तिथे सापडत नाही. आसपास खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीचे बांध, त्यांतल्या उघाड्या म्हणजे पाणी सोडायची दारं, श्रावणातली भातखाचरं. आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडीही. ती चित्रात घ्यायची की गाळायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अलिबाग वडखळहून वीस-बावीस किलोमीटर. पूर्ण ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. रंगांसाठी गोडं पाणी मात्र सोबत न्या.