टाइल न फोडता

‘टाइल फोडावी लागेल.’ बाथरूममधला शॉवर ठिबकतो म्हणून कुणाला बोलावले, की पुष्कळदा हे वाक्य ऐकायला मिळते आणि घरातल्यांचा जीव दडपतो. त्या रंगाची टाइल आता दुकानात मिळत नाही, म्हणजे अख्खी भिंत नवी करणे आले. मग सिमेंट, वाळू आणि चार दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळी. त्यापेक्षा ठिबकू दे, खाली बादली लावू, असे ठरते आणि महिनेच्या महिने जातात. खरी गोष्ट अशी, की नुसते ठिबकणे थांबवण्यासाठी टाइल फोडायची वेळ क्वचितच येते. दोष असतो तो मोठ्या लिंबाएवढ्या एका सुट्या भागात. त्याला म्हणतात कार्ट्रिज. तो समोरून, भिंतीला धक्का न लावता काढता-घालता यावा, अशीच त्याची रचना केलेली असते.

पण आधी शॉवर खरोखरच गळतो आहे का, ते पाहू या. आंघोळ झाल्यावर शॉवरच्या चाळणीत आणि नळीत थोडे पाणी राहते. ते काही मिनिटे थेंब थेंब पडत राहते. तो बिघाड नव्हे. अर्ध्या तासानंतरही ठिबक चालूच असेल, तर खाली एक लिटरचे माप ठेवा आणि घड्याळ बघा. दोन तासांत माप भरले, तर दिवसाला बारा लिटर आणि वर्षाला चार हजार लिटरहून जास्त पाणी मोरीत जाते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. त्यात ठिबकणारे पाणी गरम असेल, तर विजेचे पैसेही त्याच मोरीतून जातात.

आता हे कार्ट्रिज म्हणजे काय? आपल्या लहानपणीच्या पितळी तोटीत पिळाचा दांडा असे आणि त्याच्या टोकाला चामड्याचा किंवा रबराचा वायसर. चावी आवळली की वायसर भोकावर दाबून बसे. पिळाने दाबून बंद होणारी ही तोटी इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये आणली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तिने राज्य केले. तिचा दोष एकच. ठिबकायला लागली की माणूस आणखी जोरात आवळतो आणि वायसर आणखी लवकर चिरडतो.

एकाच दांडीने गरम आणि गार पाणी मिसळायची कल्पना अमेरिकेतल्या अल्फ्रेड मोएन याची. १९३७ मध्ये, विद्यार्थी असताना, नळ सोडल्यावर एकदम कढत पाणी आले आणि त्याचे हात भाजले. त्यातून सुचलेला नळ बाजारात यायला १९४७ साल उजाडले. आज आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवलेला जो एक दांडीचा मिक्सर दिसतो, तो त्याच वंशातला.

हल्लीच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. खालची स्थिर, वरची दांडीबरोबर सरकणारी. दोन्हींत भोके असतात. भोकांवर भोके आली की पाणी वाहते, सरकली की बंद होते. चकत्या इतक्या गुळगुळीत घासलेल्या असतात, की त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळत नाही. इथे दाबायचे काही नसल्यामुळे जोर लावून फायदाही नसतो. हे घरातल्या मोठ्यांना एकदा सांगून ठेवावे, कारण जुन्या तोटीची सवय हातातून जात नाही.

चकती इतकी कडक असते, की सहसा ती झिजून संपत नाही. तिला त्रास देतो तो पाण्याबरोबर आलेला वाळूचा कण. तो दोन चकत्यांमध्ये अडकला की ओरखडा पडतो. दुसरा शत्रू क्षार. बोअरवेलचे जड पाणी असेल तिथे पांढरी पुटे चढतात, दांडी कडक होते, ठिबक सुरू होते. आणि तिसरे म्हणजे कार्ट्रिजच्या बुडाशी असलेली रबरी कडी गरम पाण्याने टणक होऊन चिरते. केवळ क्षार साठले असतील, तर कार्ट्रिज तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्याने ते सुधारूही शकते. एकदा करून पाहायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट गीझरचे बटण बंद करणे, आणि यात आळस नको. मग बाथरूमचा स्टॉप कॉक बंद करा. गीझरला पाणी जाते तिथला छोटा कॉकही बंद करा, नाहीतर गरम बाजूने पाणी येत राहील. बाथरूमला वेगळा कॉक नसेल, तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. अशा वेळी त्या लाइनवरच्या शेजाऱ्यांना आधी सांगावे. अंगाला साबण लावलेला माणूस फार रागावतो. नळ सोडून उरलेले पाणी जाऊ द्या, आणि मोरीच्या जाळीवर एक जुना पंचा अंथरा. निम्म्या दुरुस्त्या बारीक स्क्रू जाळीतून खाली गेल्यामुळे अडतात.

दांडीवर लाल-निळी टिकली असते. ती नखाने किंवा बोथट सुरीने अलगद उचकटा. आत एक छोटा स्क्रू दिसतो. तो बहुधा सहा कोनी ॲलन कीने सुटतो. दांडी निघाली की चमकदार टोपी येते. ती कापड धरून हाताने फिरवली तर उलटी सुटते. तिच्याखाली पितळेचा नट. पाना लावून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवा आणि कार्ट्रिज सरळ वर ओढा. फोन असेल तर प्रत्येक पायरीला एक फोटो काढावा, बसवताना उपयोगी पडतो.

सगळ्यात महत्त्वाची सूचना इथे आहे. नट हलत नसेल, तर लांब पान्याने अंगातली ताकद लावू नका. मिक्सरचे मूळ अंग भिंतीत असते आणि त्याला जोडलेले पाइप अनेक घरांत प्लास्टिकचे असतात. तो सांधा आत हलला किंवा तडकला, तर मात्र टाइल खरोखर फोडावी लागते. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नटाभोवती अर्धा तास गुंडाळून पाहा. तरीही हलला नाही, तर सरळ प्लंबर बोलवावा.

निघालेले कार्ट्रिज खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात न्यावे. ‘शॉवरचे द्या’ असे सांगून चालत नाही. एक दांडीच्या नळांत ३५ आणि ४० मिलिमीटर व्यासाची कार्ट्रिजे सर्रास दिसतात, पण उंची, बुडाच्या खुंट्या, भोकांच्या जागा हे सगळे जुळावे लागते. दोन चाव्यांचा वॉल मिक्सर असेल, तर त्यात गरम-गार अशा दोन वेगळ्या स्पिंडल असतात. कोणती गळते ते ओळखायला फक्त गीझरकडचा कॉक बंद करून पाहावा. ठिबक थांबली तर दोष गरम बाजूला. अनेक कंपन्या कार्ट्रिजवर काही वर्षांची हमी देतात, तेव्हा पैसे देण्यापूर्वी जुने बिल शोधावे.

बसवण्याआधी आतली बैठक ओल्या फडक्याने पुसा. वाळूचा एक कण राहिला तर नवे कार्ट्रिजही गळेल. बुडाच्या खुंट्या त्यांच्या खाचांत बसल्या पाहिजेत. पांढरी टेप लागत नाही, सगळे काम रबरी कड्या करतात. नट आधी हाताने, मग पान्याने थोडासाच आवळा. फार आवळला तर दांडी जड चालते. पाणी सोडताना नळ उघडा ठेवून कॉक हळूहळू उघडा, म्हणजे हवा आणि कचरा निघून जाईल. गरम बाजूने अखंड धार आल्यावरच गीझर लावा. पाणी दांडीच्या बुडातून झिरपले, तर नट किंचित आवळा. पण नळ कोरडा असून पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर ओल दिसत असेल, तर ते दुखणे पाइपाचे असते. त्याला कार्ट्रिज बदलून उपयोग नाही.

जुने कार्ट्रिज लगेच फेकू नका. आठवडाभर नवे नीट चालले, की त्याच्यावर बाथरूमचे नाव आणि तारीख लिहून हत्यारांच्या डब्यात ठेवा. दुसऱ्या बाथरूमचा मिक्सर त्याच वेळचा, त्याच कंपनीचा असेल, तर पुढच्या वेळी दुकानदाराला दाखवायला तेच उपयोगी पडेल.