हातांकडे पाहताना

निवृत्त माणसाला दुपार खायला उठते असे म्हणतात. माझी उठत नाही. आयुष्यभर बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, आता दुपारी दोन ते चार लोकांचे हात पाहत बसतो. बाहेर आर्वीचे ऊन रणरणत असते, रस्त्यावर कुत्रेही नसते, आणि मी कूलरसमोर बसून इंग्लंडातला एक म्हातारा सुतार रंधा कसा मारतो ते पाहत असतो. सौभाग्यवती म्हणते, "घरातली खुर्ची डुगडुगते, तिच्याकडे कधी पाहाल?" असो.

यूट्यूबविषयी आमच्या पिढीचे मत फारसे बरे नाही. ते बरे असावे असे तिथे फार काही घडतही नाही. पण त्या गलबल्याच्या बाजारात एक आळी सुतार-लोहारांची आहे. तिथे मुला-नातवंडांना घेऊन एकदा शिरावे.

त्या आळीतला माझा पहिला गुरू म्हणजे पॉल सेलर्स. पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागलेला हा इंग्रज सुतार यंत्रे जवळजवळ वापरतच नाही. करवत, पटाशी, रंधा, गुण्या आणि हातोडी एवढ्यावर त्याचा प्रपंच चालतो. साल आणि कुसू, म्हणजे एका लाकडाला पाडलेले भोक आणि त्यात घट्ट बसणारे दुसऱ्या लाकडाचे टोक, हा जगातल्या सगळ्यात जुन्या सांध्यांपैकी एक. आपल्या घरांचे वासे, पलंग, पाळणे त्यावरच उभे राहिले. हा गृहस्थ तो सांधा इतक्या सावकाश उलगडून दाखवतो, की पाहणाऱ्याला आपणही सुतार आहोत असे वाटू लागते. (तसे नसते, हे पटाशी हातात घेतली की दोन मिनिटांत कळते.)

कॅनडातला मथायस वँडेल निराळ्या जातकुळीचा. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीतला हा माजी इंजिनिअर. त्याने लाकूड कापायचे पट्टा-करवतीचे यंत्रच मुळी लाकडाचे बनवले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधल्या जंगलात जॉन प्लांट नावाचा तरुण अनवाणी, एका अर्ध्या चड्डीवर वावरतो, आणि 2015 सालापासून दगड, माती, वेल एवढ्यावर झोपड्या, भट्ट्या, कौले करतो आहे. ओढ्यातल्या तांबूस गाळातून त्याने लोखंडसुद्धा गाळले. तोंडातून एक शब्द काढत नाही! आमच्या घरात हा एकच कार्यक्रम असा, की तो चालू असताना सगळे गप्प असतात.

पण ज्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, तो 'क्लिकस्प्रिंग' वाहिनीचा ख्रिस. हाही ऑस्ट्रेलियन. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 साली काशाची दातेरी चाके वर आली. सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारे हे यंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे. ख्रिसने तसेच यंत्र, त्या काळच्या कारागिराला मिळाली असती तशी हत्यारे आधी स्वतः घडवून, करायला घेतले. करता करता त्याला एक शंका आली. पंचांगाच्या कड्याखाली बारीक भोके होती. पूर्ण कड्याला ती 365 असावीत असा तज्ज्ञांचा समज होता. याने उरलेल्या तुकड्यांची मोजदाद केली, आणि 2020 साली तो व त्याचे सहकारी यांनी लेख लिहून सांगितले की भोके 354 निघतात. 2024 साली ग्लासगो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासातले गणित लावून त्याला दुजोरा दिला. 354 हा आकडा आपल्या घरात कोणालाही परका नाही. चांद्रवर्षाचे दिवस ते. त्यांच्यामुळेच तर आपल्याला अधिक महिना पाळावा लागतो.

हे सगळे पाहताना मला जाणवते ते असे, की ही माणसे काही लपवत नाहीत. आपल्याकडे कसब घराच्या उंबरठ्याआत राहिले. सुताराचे पोर सुतार, लोहाराचे पोर लोहार; बाकीच्यांनी शाळेत जाऊन कारकून व्हायचे. मी झालोच. हा उंबरठा ओलांडायचा एक मोठा प्रयत्न आमच्याच जिल्ह्यात झाला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि झाकीर हुसेन समितीने पुढे जो अभ्यासक्रम आखला त्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होते. प्रत्येक मुलाने, मग ते कोणाच्याही घरचे असो, हाताने काही घडवत शिकावे, ही नई तालीम. ती का रोडावली याच्या खोलात शिरत नाही. आमच्या पालकांना मुलाच्या हातात करवत नको होती, एवढे खरे.

तिचा धागा मला सापडतो तो अरविंद गुप्तांच्या चित्रफितींत. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला, पुण्याच्या टेल्कोत नोकरी केलेला हा इंजिनिअर होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवायच्या उपक्रमात गेला, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगपेटीतल्या काड्या जोडून भूमिती शिकवू लागला. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगणात अनेक वर्षे त्यांनी टाकाऊतून खेळणी केली आणि त्यांच्या चित्रफिती जगाला फुकट वाटल्या, मराठीतूनसुद्धा. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरात सात ते बारा वर्षांचे मूल असेल तर सुरुवात इथूनच करावी; खर्च शून्य, कचरा मात्र भरपूर.

आता आमच्या गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींविषयी. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. हे जुन्या पिढीतले, बंडीची चाके करणारे. वय सत्तरीच्या पुढे. आर्वी-कारंजा-आष्टीचा हा पट्टा गवळाऊ बैलांचा, तेव्हा बंडीवाल्यांना तोटा नव्हता. मग रबरी टायर आले, त्यामागून ट्रॅक्टर आले. मिस्त्री हल्ली तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करतात, आणि नातू प्लायवूडची कपाटे करतो. तो नातू रोज रात्री जपानी सुतारांचे सांधे पाहतो. आजोबांचे चाक त्याने कधी पाहिले नाही, कारण त्याच्या जन्मानंतर ते झालेच नाही.

मी एकदा मिस्त्रींना अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या डेव्ह एंगेल यांची चित्रफीत दाखवली. हे गृहस्थ जुन्या घोडागाड्यांची चाके करतात. चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवण्याचे काम होते. पद्धत आपलीच. पट्टीचे कडे चाकापेक्षा जरासे लहानच ठेवायचे. जाळात लाल होईपर्यंत तापवले की ते फुगते. मग चौघांनी उचलून चाकावर बसवायचे, घण घालायचे, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचे. लोखंड आकसते, पुठ्ठे एकमेकांत रुततात, आरे तुंब्यात कचकन बसतात. खिळा नसला तरी चाक वर्षानुवर्षे कापसाची ओझी वाहते.

मिस्त्रींनी पूर्ण पाहिले. मग म्हणाले, "काम चोख हाय, साहेब. पण पानी कव्हा टाकाचं थे डोयानं नाही समजत जी, आयकून टाका लागते." लाकूड आतून करकरते, त्या आवाजाला एक पट्टी असते. ती चुकली तर धाव सैल राहते किंवा आरा फुटतो.

तेव्हापासून माझे पाहणे थोडे बदलले आहे. चित्रफीत हात दाखवते. आवाजाचा अर्थ शेजारी उभा असलेला म्हाताराच सांगतो, आणि उमेदवाराच्या हातावर चापट मारायलाही तोच लागतो. सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी विश्वकर्मा योजना आणली. अठरा व्यवसाय, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. जुना बँकवाला म्हणून सांगतो, अटी वाईट नाहीत. पण तीत चाक करणाऱ्या म्हाताऱ्याला शेवटचे एक चाक करण्याची ऑर्डर कोण देणार?

ती आम्ही गल्लीतल्या पाच जणांनी मिळून दिली आहे. एक चाक, पूर्ण, धावेसकट. मिस्त्री बोलतील, नातू फोन धरेल, आणि धाव चढवताना फोन माझ्याकडे देऊन तो पाण्याची बादली घेईल, असे ठरले आहे. गोवऱ्या जमल्या. लोखंडी पट्टी पुलगावहून आली. अडले आहे ते तुंब्याच्या लाकडावर. मिस्त्रींना तिवसच हवा. वखारीत दोनदा जाऊन आलो, नाही म्हणाले. शेवटी काल ते स्वतः निघाले, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, हातात वाकस धरून, कोणाच्या तरी जुन्या गोठ्यातली आडवी तुळई पाहायला.