वजनाच्या ऑपरेशननंतर वर्षाच्या आत दिवस गेले तर?

वजन कमी करण्यासाठी पोटाचे ऑपरेशन झाले की पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरते. अनियमित पाळी नियमित होऊ लागते आणि 'आपल्याला मूल होणार नाही' असे धरून चाललेल्या बाईलाही दिवस जातात. या काळात खाणे कमी असते. लोह, बी-12, कॅल्शियम अंगी कमी लागते. बाळ लहान किंवा वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, तांबीबद्दल विचारा.

तरी दिवस गेलेच तर घाबरून गर्भ पाडायला धावू नका. नीट देखरेख असेल तर बाळ सुदृढ जन्मू शकते. पहिल्याच तपासणीत ऑपरेशनचे कागद दाखवा. ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीआधी तर आवर्जून सांगा, त्याने चक्कर, जुलाब होऊ शकतात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, गोळ्या चुकवू नका.

घरच्यांनी 'दोन जिवांची आहेस, भरपूर खा' असा आग्रह धरू नये. थोडे थोडे, पण डाळ, अंडी, मासे आधी द्यावेत. पोटात जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर आतडे अडकलेले असू शकते. गर्भारपणाचाच त्रास समजून घरी थांबू नका. लगेच मोठे रुग्णालय गाठा.