आठवणी इंग्रजीत, आजी सिंधीत

मागच्या लेखांकात आपण यिडिशपाशी थांबलो होतो. दुसऱ्या महायुद्धाआधी एक कोटीहून अधिक ज्यू ही भाषा बोलत. नाझींनी मारलेल्या साठ लाखांत बहुसंख्य यिडिशभाषक होते. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांची मुलं इंग्रजीत किंवा हिब्रूत वाढली. घरात आईबाप यिडिश बोलायचे, पण कित्येकदा मुलांना कळू नये म्हणूनच.

हे फार लांबचं वाटत असेल तर मुंबईत हिंदमाताहून आंबेडकर रस्त्यानं उत्तरेकडे निघा. दादर टीटी, माटुंगा मागे टाकून शीवला पोचा. शीव कोळीवाड्यात, म्हणजे आजच्या गुरू तेग बहादूर नगरात, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत आहे. पुढे चेंबूर कॅम्प लागतो. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत तर एवढे लोक आले की 1949 साली तिचं उल्हासनगर झालं. तिथले बहुतेक सिंधी.

दोन्ही दुःखं एका तागडीत घालायची नाहीत. सिंधमध्ये वंशसंहार झाला नाही, पंजाबइतकी कत्तलही झाली नाही. पण 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल उसळली आणि थांबून पाहू म्हणणाऱ्यांनीही बोटीचं तिकीट काढलं. दहा लाखांहून अधिक हिंदू सिंधी भारतात आले. पंजाब आणि बंगाल निम्मे तरी इकडे राहिले, सिंध मात्र अख्खा तिकडे गेला. त्यामुळे सिंधीला इथे राज्य नाही, सिंधीत चालणारी कचेरी नाही. यिडिशची गत तीच: बोलणारे होते, मुलूख नव्हता.

पहिल्या पिढीनं हातपाय गाळले नाहीत. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं. के. सी. कॉलेजात सिंधी शिकवणाऱ्या पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्राला 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते मूळ सिंधीत लिहिलेलं आहे. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मान मिळाला, पण त्यानं मुलं काही सिंधी शाळेत गेली नाहीत. धंदा करायचा तर हिंदी हवी, पुढे जायचं तर इंग्रजी. शून्यातून दुकान उभं करणाऱ्या बापाला याबद्दल दोष देणं मला तरी जमणार नाही.

भाषेचा दोर तुटला तो मात्र लिपीपाशी. 1853 मध्ये इंग्रजांनी सिंधीसाठी 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवली. व्यापाऱ्यांच्या वह्यांची हटवाणिका लिपी निराळीच. इकडे आल्यावर एका गटानं देवनागरीचा आग्रह धरला, दुसऱ्यानं अरबी सोडायला नकार दिला. सरकारनं दोन्ही लिप्या मानल्या, तरी वाद वर्षानुवर्षं चालला. देवनागरीवाल्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं, नाही असं नाही. पण ज्या नातवंडांनी देवनागरीच गिरवली, त्यांना आजोबांची पत्रं, कराचीच्या घराचे कागद, सिंधी कवी शाह लतीफचं जुनं पुस्तक वाचता येईना. मराठी घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडीतले कागद पडलेले असतात, त्यातलाच प्रकार. तिकडे अमेरिकेत यिडिश पुस्तकंही वारसांना वाचता येत नव्हती म्हणून कचऱ्यात जात. ॲरन लॅन्स्की या तरुणानं ती दारोदार फिरून गोळा केली आणि 1980 मध्ये यिडिश बुक सेंटर काढलं. पुढे दहा लाखांहून अधिक पुस्तकं जमली.

आठवणी मात्र टिकताहेत, आणि गंमत म्हणा की दैव, त्या इंग्रजीत टिकताहेत. सिंधी निर्वासितांबद्दल रीटा कोठारी यांचं पुस्तक 2007 चं, पुण्याच्या साझ अगरवाल यांचं 2012 चं, नंदिता भावनानी यांचं 2014 चं. तिन्ही महत्त्वाची, तिन्ही इंग्रजीत. आईवडिलांनी जे पोटात ठेवलं ते पुढच्या पिढीनं विचारून काढलं, पण विचारलं आणि लिहिलं ते आपल्या भाषेत. ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यातल्या कित्येकांना ती वाचता येणार नाही. 2011 च्या जनगणनेत सिंधीभाषक 27 लाखांहून अधिक दिसतात. त्यात कच्छीही मोजली आहे, म्हणजे नुसते सिंधी त्याहून बरेच कमी.

कुणाच्या घरी नव्वदीची सिंधी आजी असेल तर मोबाइल समोर ठेवून एकदम फाळणीबद्दल विचारू नका. हिंदीत विचाराल तर उत्तर हिंदीत येईल, आणि तेही दहादा सांगून गुळगुळीत झालेलं. त्यापेक्षा साई भाजीत काय काय पडतं ते विचारा, आणि शेजारी तिच्या वयाचं सिंधी बोलणारं कुणीतरी बसवा. दोघी आपापसात सुरू झाल्या की तुम्हाला निम्मं कळणार नाही. तरी रेकॉर्डिंग बंद करू नका, अर्थ नंतर लावता येतो. पुढच्या आठवड्यात इस्रायलमधल्या बेने इस्रायली ज्यूंच्या मराठीकडे वळू.