वर्गाचा कवितासंग्रह : काही अनुभव आणि एक प्रश्न

मुलांनी कविता लिहाव्यात, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. बालदिनाच्या फलकावर चार ओळी चिकटवल्या, स्नेहसंमेलनात एखादी म्हणवून घेतली, की शाळेचे वाङ्मयीन कर्तव्य पार पडते. पण मुलांनी लिहिलेले छापून, शिवून, त्यावर किंमत टाकून गावासमोर ठेवायचे म्हटले की हेच लोक बिचकतात. का बिचकतात, याचा विचार मला गेल्या वर्षी करावा लागला. मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवतो. या दोन वर्गांतील २६ मुलांनी आपला कवितासंग्रह काढला. तो कसा काढला, अशी विचारणा काही शिक्षकांनी आणि कार्यकर्त्या मित्रांनी केली, म्हणून हे लिहीत आहे.

विद्यार्थ्याचे लेखन प्रसिद्ध करणे ही परदेशी शिक्षणशास्त्राने आपल्याला शिकवलेली युक्ती आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेची कुमारवयीन विद्यार्थिनी होती. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ आपण तिच्यापासून मोजतो. परंतु तो एका शाळकरी मुलीचा निबंध होता, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला अधिक महत्त्वाची वाटते. कोणी ‘छान’ असा शेरा मारून तो वहीतच ठेवून दिला असता, तर आज आपल्याजवळ काय उरले असते?

दुसरे उदाहरण लंडनचे आहे. पूर्व लंडनमधील स्टेपनी ही गोदीकामगारांची आणि गरिबांची वस्ती. तिथल्या एका शाळेत ख्रिस सर्ल नावाचा तरुण शिक्षक इंग्रजी शिकवत होता. रॉन मॅकॉर्मिक या छायाचित्रकाराने काढलेली वस्तीची चित्रे त्याने वर्गात दाखवली आणि मुलांना आपल्या परिसरावर लिहायला सांगितले. मुलांनी जे दिसते तेच लिहिले. या कविता फार उदास आहेत, असे म्हणून शाळेच्या चालकांनी त्या छापायला मनाई केली. सर्लने देणग्या जमवून १९७१ साली ‘स्टेपनी वर्ड्स’ हा संग्रह काढलाच. त्याला नोकरीवरून काढण्यात आले, तेव्हा सुमारे ८०० विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार टाकला. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याला परत घ्यावे लागले. ‘उदास’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो माझ्याही कानी आला.

आमच्या मुलांनी आरंभी काय लिहिले? फुलपाखरू, पाऊस, प्रेमळ आई. यात त्यांचा दोष नाही. कविता म्हणजे पाठ्यपुस्तकात असते ती, एवढेच आपण त्यांना शिकवलेले असते. वर्गातील निम्म्याहून अधिक घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ती एकाच जातीची नाहीत. मी फळ्यावर दोन रकाने केले : घरात बोलतो पण पुस्तकात नाही असे शब्द, आणि पुस्तकात आहेत पण घरात कधी बोललो नाही असे शब्द. पहिला रकाना दहा मिनिटांत भरला. उचल, टोळी, फड, मोळी, वाढे, पाचट, कोपी. कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीसुद्धा, हे मुलांनीच मला समजावून सांगितले. मुकादमाच्या वहीत आपले आई-बाप मिळून एक कोयता होतात, एवढ्याच गोष्टीवर सातवीतल्या एका मुलाने सहा ओळींची कविता लिहिली. त्यानंतर फुलपाखरे आपोआप कमी झाली.

निवडीचे काम पाच मुलांच्या मंडळाकडे दिले. मात्र कविता नावे झाकून वाचायच्या, असा नियम केला. आपल्या शाळेत नावामागे आडनाव येते आणि आडनावामागे काय येते, ते या वाचकांना सांगायला नको. प्रत्येकाची एक तरी कविता घ्यायचीच, हे आधीच ठरले होते. मंडळाने कोणती घ्यायची एवढेच ठरवायचे. ‘कोपी’ऐवजी ‘झोपडी’ लिहावे, तो शब्द चांगला दिसतो, अशी सूचना एका मुलाने केली. त्यावर जी मुलगी तीन हंगाम कोपीत राहून आली होती ती म्हणाली, “झोपडीला दार असतंय, कोपीला नसतंय.” वाद तिथेच मिटला. ऱ्हस्व-दीर्घ मी दाखवीन, शब्द बदलणार नाही, असे मी कबूल केले आणि ते पाळले. पाळणे सोपे नव्हते. आमचाही हात प्रमाणभाषेने घडवलेला आहे. लाल पेन आपोआप चालतो.

नावे छापताना पुन्हा प्रश्न आला. आडनावे सरसकट गाळावीत, असे मी सुचवले. आमच्या वस्तीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझं का लपवायचं?” मी निरुत्तर झालो. शेवटी ज्याने त्याने आपले नाव कसे छापायचे ते स्वतः ठरवले.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. साठोत्तरी लघुअनियतकालिकांपैकी काही सायक्लोस्टाईलवर निघाली होती. आता झेरॉक्सने ते काम अधिक सोपे केले आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून एकूण पाने चारच्या पटीत धरावीत. आम्ही ३२ धरली, म्हणजे आठ कागद. पाने कोणती शेजारी येतात, यात सगळेच फसतात. त्यासाठी आठ कोरे कागद एकात एक घालून दुमडावेत, त्यावर १ ते ३२ आकडे टाकावेत आणि मग उलगडून पाहावे. कागदाच्या एकाच बाजूवर येणाऱ्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी ३३ येते. सर्वांत बाहेरच्या कागदावर ३२ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि ३१. हा हिशेब गणिताच्या तासाला झाला. कविता मुलांनी आपल्याच अक्षरात, काळ्या पेनाने लिहिल्या. निळी शाई फिकी उठते आणि पेन्सिल त्याहून फिकी. मधल्या घडीवर दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवले. शिवण्यात मुलीच पुढे असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात चपला शिवणाऱ्याच्या मुलाने सगळ्यांना शिकवले. त्या दिवशी वर्गात त्याला मिळालेला मान मी यापूर्वी पाहिला नव्हता.

खर्च असा : साठ प्रती. प्रत्येक प्रतीला सोळा बाजू, दीड रुपया दराने २४ रुपये, वर जाड मुखपृष्ठाचे ५. एकूण १,७४० रुपये. गावातील एका प्रतिष्ठितांनी सगळी रक्कम देऊ केली. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि शुभेच्छा असाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलांनी मतदान घेऊन नकार दिला. २६ प्रती कवींना दिल्या, उरलेल्या ३४ प्रत्येकी तीस रुपयांना आठवडी बाजारात विकल्या आणि तूट आम्ही दोघा शिक्षकांनी भरली. एक गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेचा पहिला मालक तिचा कर्ता असतो, मग तो बारा वर्षांचा का असेना. संग्रह शाळेचा म्हणावा, कविता मुलाची. पुढे कुठे छापायची तर त्याला आणि त्याच्या पालकांना विचारूनच.

हे सारे सांगण्यासारखे आहे. जे सांगताना मी अडखळतो ते आता सांगतो. सातवीतल्या एका मुलीने कवितेत मुकादमाचे नाव घातले. हंगामाच्या शेवटी हिशेबात उचल फिटली नाही म्हणून तिच्या वडिलांना त्याने सर्वांदेखत काय म्हटले, ते तिने जसेच्या तसे लिहिले होते. आमच्या वरिष्ठांनी ती वाचून ‘इतकं उदास कशाला?’ असे विचारले. त्यांच्याशी मी भांडलो असतो. त्यासाठी माझ्यापाशी स्टेपनीचा दाखला होता. पण मी त्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा तो दाखला कामाला आला नाही. सर्लने धोका पत्करला तो स्वतःच्या नोकरीचा, आणि त्याच्या पाठीशी शिक्षकांची संघटना होती. इथे कविता माझ्या पुढाकाराने छापली जाणार, पगार माझा चालू राहणार, आणि पुढच्या हंगामाची उचल तिच्या बापाची बंद होणार.

आईने कविता वाचून घेतली. बराच वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “खरं हाय ते. पर नाव काढा, सर.” मुलगी ऐकेना. दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि नाव खोडून तिने तिथे ‘तो’ लिहिला. मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बाजारात ती प्रत ज्यांनी वाचली त्यांना ‘तो’ कोण ते लगेच कळले. त्याने स्वतःही एक प्रत नेली, तीस रुपये देऊन. तिच्या वडिलांना गेल्या हंगामात उचल मिळाली. ती का मिळाली आणि यंदा मिळेल का, हे मी विचारलेले नाही.

यंदाचा दुसरा संग्रह दिवाळीच्या आत शिवून व्हायला हवा. त्यानंतर वर्गात निम्मी मुले राहत नाहीत.