वजनदार बाण

पुराणकथा ऐकून वाढलेल्या माणसाला बाण म्हटला कीं वेग आठवतो. परंतु ज्यांना धनुष्यानें अस्वल किंवा रानरेडा यांसारखें मोठें जनावर मारावयाचें असतें, त्यांची पहिली चिंता निराळी असते: बाण हाडावर मोडणार तर नाहीं ना? बंदुकीची गोळी दणक्यानें मारते. बाण पात्याच्या धारेनें रक्तस्राव घडवून मारतो. तो हृदयापर्यंत वा फुप्फुसांपर्यंत पोंचला तर जनावर थोड्याच वेळांत पडतें. खांद्याच्या हाडांत अडकला तर तें जखम घेऊन रानांत कित्येक दिवस तडफडतें. सारी खटपट ह्या एका भेदासाठीं आहे.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी शिकार गुन्हा आहे. अमेरिकेंत मात्र ती परवान्यानें चालते. तेथील सॅक्स्टन पोप ह्या शस्त्रवैद्याला ही विद्या इशी ह्या आदिवासी गृहस्थाकडून मिळाली. इशी हा ‘याही’ जमातीचा अखेरचा माणूस. तो १९१६ सालीं वारला. पोपनें गुरूचे बाण जसेच्या तसे उचलले नाहींत. बर्चच्या काठ्या व पोलादी पातीं घेऊन त्यानें आपले बाण घडविले, आणि १९२० सालीं आर्थर यंगसह यलोस्टोनच्या अरण्यांत एका वस्तुसंग्रहालयासाठीं ग्रिझली अस्वलें मारलीं.

काठी निवडतांना लाकडाची रेषा पाहावी. ती टोंकापासून टोंकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येंच बाजूला फुटली, तर बाण सुटतांनाच दुभंगून तिरंदाजाच्या हातांत घुसण्याचें भय असतें. सीडार हलकें म्हणून निशाणबाजीला उत्तम. मोठ्या शिकारीस डग्लस फर, अ‍ॅश, हिकरी हीं जड लाकडें बरीं. हाडावर आदळलेला बाण बहुधा पात्याच्या लगेच मागें मोडतो. म्हणून जाणते कारागीर काठीच्या पुढच्या टोंकाला कठीण लाकडाचा तुकडा पाचरीसारख्या सांध्यानें जोडतात. त्यानें बळकटी येते, शिवाय वजन पुढें सरकतें, आणि पुढें जड असलेला बाण सरळ घुसतो. खरें कसब ह्या सांध्यांत. पिसें चिकटविणें त्या मानानें सोपें. बाण सुटतांना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो, त्यामुळें काठीला बेताची लवचीकता हवी. पातें जड केलें कीं काठीही अधिक ताठ घ्यावी लागते.

एकाच धनुष्यानें हलका बाण अधिक वेगानें सुटतो हें खरें. पण जड बाण धनुष्याची शक्ति अधिक प्रमाणांत उचलतो, आणि हाडाशीं गांठ पडल्यावर त्याचा जोर चटकन ओसरत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील नाताळांत १९८० च्या दशकांत ह्या विषयाचे प्रयोग करणारे डॉ. एड अ‍ॅश्बी यांनीं जाड हाड भेदण्यास सुमारें ६५० ग्रेन वजन आवश्यक मानलें. सोनाराच्या मापानें तें साडेतीन तोळ्यांहून किंचित अधिक भरतें. बाण अभंग राहणें मात्र त्यांनींही वजनाच्या आधीं ठेविलें.

ह्या वजनाची किंमत अंतरांत मोजावी लागते. जड बाण लवकर खालीं वाकतो. अंदाज थोडा चुकला तरी तो जनावराच्या पोटाखालून जातो. म्हणून शिकाऱ्याला वीस-पंचवीस पावलांच्या आंत शिरावें लागतें, आणि मध्येंच वारा फिरला तर बाण भात्यांत ठेवून परतावें लागतें.