मेल्यावरही हिरवं

जास्वंदीला पाणी कमी पडलं तर ती दुपारीच माना टाकते आणि तांब्याभर पाणी मिळालं की संध्याकाळी पुन्हा ताठ होते. ज्युनिपरचं झुडूप असं काही कळवत नाही. मुळं कुजून गेली तरी त्याच्या फांद्या कित्येक आठवडे हिरव्याच दिसतात. पानं तपकिरी पडू लागली म्हणून आपण पाण्याची झारी घेऊन धावतो, तेव्हा ते झुडूप कधीच मेलेलं असतं! म्हणून बोन्साय करणारे जाणकार नुसत्या हिरव्या रंगावर भरवसा ठेवत नाहीत. रंग निस्तेज होतोय का, टोकांना पोपटी फुटवा येतोय का, हे ते निरखतात.

चिनी ज्युनिपरची डहाळी डोळ्यांजवळ धरली की इतके दिवस हिरवं दिसण्याचं कारण कळतं. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची खवल्यांसारखी पानं एकावर एक घट्ट बसलेली असतात, वर मेणाचा थर. त्यांतून पाणी निसटणार तरी किती? त्याच झुडपावर खालच्या बाजूला मात्र टोचरी, सुईसारखी पानं सापडतात. ही त्याची कोवळ्या वयातली पानं. जोरात छाटणी झाली की मऊ खवल्यांच्या फांदीवरही अशा सुया फुटतात. जाणतं झाड धक्का बसला की बालवयातली पानं काढतं, याचं मला फार नवल वाटतं.

कोरडेपणाशी तर ज्युनिपरची जुनी ओळख. 2002-03 च्या दुष्काळात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पिन्यॉन पाइनची झाडं प्रचंड संख्येने वाळली. तहानलेल्या झाडांवर सालीतले भुंगेरे तुटून पडले होते. शेजारचे ज्युनिपर बहुतेक तगले. माती सुकत गेली की खोडातल्या जलवाहिन्यांमध्ये पाण्यावरचा ताण वाढतो, मध्ये हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. पाइन हा धोका टाळायला पानांची रंध्रं लवकर मिटून घेतो, पण मग त्याचं अन्न बनवणंही थांबतं. ज्युनिपरच्या वाहिन्या असा ताण कितीतरी जास्त सोसतात, त्यामुळे तो बराच काळ रंध्रं उघडी ठेवू शकतो.

एवढं चिवट झुडूप बागेत मरतं ते बहुधा पायाशी साचलेल्या पाण्याने. त्याला भरपूर ऊन आणि पाणी झटकन निचरणारी माती हवी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. माती बोटाने उकरून बघावी आणि वरचा थर सुकला असेल तरच पाणी घालावं. दिवाणखान्यात तर ते ठेवूच नये.

कात्री चालवतानाही सांभाळायला हवं. हिरवी फांदी बाजूला सारून आत डोकावलं तर तिथे सगळं तपकिरी, बोडकं लाकूड दिसतं. तिथवर कापलं तर पुन्हा फुटवा येत नाही. हिरवं जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच छाटायचं.

आता त्याचं सफरचंदाशी असलेलं विचित्र नातं. तांबेऱ्याच्या एका बुरशीला जगायला ही दोन्ही झाडं लागतात. अमेरिकेत ‘रेड सीडर’ म्हणतात तोही ज्युनिपरच. त्याच्या फांदीवर बुरशीची तपकिरी गाठ धरते आणि वसंतातल्या पावसात भिजली की तिच्यातून नारिंगी, लिबलिबीत शिंगं बाहेर येतात. त्यांचे बीजाणू वाऱ्याने सफरचंदाच्या पानांवर जातात. तिथे तयार झालेले बीजाणू दुसऱ्या सफरचंदाला लागत नाहीत, त्यांना परत ज्युनिपरच गाठावा लागतो. व्हर्जिनियात 1914 मध्ये सफरचंदाच्या बागा वाचवण्यासाठी जवळपासचे रेड सीडर तोडायचा कायदा झाला. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1928 मध्ये निकाल सफरचंदाच्या बाजूने लागला. ज्युनिपरला स्वतःला या गाठींचा फारसा त्रास होत नाही. घरच्या बागेत वसंतातला पाऊस सुरू होण्याआधी त्या खुडून टाकतात.